खाणीकडची बाजू

"काका, एक तर हा मीटर खोटं बोलतोय, नाहीतर तुम्ही," इंजिनीअर मॅडम म्हणाल्या आणि जाड केबलभोवती लावलेला मोजणीचा चिमटा त्यांनी तिसऱ्यांदा काढून पुन्हा लावला.

रेंजभाऊ दारात उभे होते. हात पाठीमागे, नजर जमिनीवर. टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. यंत्रांची दोन उंच कपाटं, बॅटऱ्यांची रांग आणि भिंतीवर एक एसी, एवढाच तिथला संसार. पण एसीच्या खाली आणि समोरच्या भिंतीत वर, अशी दोन झरोक्यांची भोकं होती, ती कंपनीच्या कुठल्याच नकाशात नव्हती. मॅडमची नजर तिकडे जाऊ नये म्हणून भाऊ सकाळपासून जीव मुठीत धरून होते.

कंपनीचे चारशे टॉवर. त्यांतला हा एकच असा, की ज्याला शेजारच्या टॉवरपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी वीज लागत होती आणि जनरेटरचं डिझेल तर निम्मंच. आता कुणी जास्त खाल्लं तर चोरीचा संशय येतो, हे भाऊंना कळत होतं. पण कमी खाल्लं तरी येतो, हे त्यांना या वयात नव्याने कळत होतं.

"हे काय?" मॅडमना झरोका दिसलाच.

"झरोका."

"ते दिसतंय. इथे कशाला?"

"सकाळी सहा ते अकरा एसी बंद ठेवतो. खालून गार वारा येतो, वरून गरम हवा जाते. यंत्रांना काही होत नाही. सव्वीसच्या वर कधी जाऊ दिलं नाही मी. धूळ येऊ नये म्हणून दोन पदरी फडकं लावलंय."

"एसी चोवीस तास चालू आणि बावीसवर, असा नियम आहे."

"आहे ना. वाचलाय."

"मग?"

"मॅडम, बाहेर अठरा डिग्री असताना आत एसी लावायचा, हे मला बघवत नाही हो," भाऊ एकदम बोलून गेले.

आणि हे मात्र शंभर टक्के खरं होतं. वाया जाताना बघवत नाही, हा माणसाचा जन्माचा आजार. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले, तरी रिकाम्या खोलीतला दिवा दिसला की भाऊ उठून बंद करायचे. एकदा मेहुण्याच्या घरी त्यांनी असाच पंखा बंद केला आणि मेहुणा खाली गाढ झोपलेला होता, हे घामाघूम होऊन तो उठला तेव्हा कळलं. बायको तर म्हणायचीच, "घरच्या पडद्यांना वर्षातून एकदा पाणी लागतं, आणि तुमच्या त्या खोलीच्या फडक्याला दर बुधवारी! त्यालाच घेऊन या कायमचं घरी."

रेंजभाऊ हे नावही वस्तीनेच पाडलेलं. कुणाचा फोन लागला नाही, की टेकडीकडे बघून आधी त्यांचा उद्धार व्हायचा. लागला, तर त्यांची आठवण काढायचं कुणाला कारण नव्हतं. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते एका गोष्टीचं. कंत्राट दर वर्षी नव्याने व्हायचं, आणि तो कागद येईपर्यंतचा महिना त्यांना धड अन्न गोड लागायचं नाही.

मॅडम बराच वेळ झरोक्यापाशी उभ्या राहिल्या. त्यांनी फडक्याला हात लावून पाहिला, कपाटाचं तापमान मोजलं, जनरेटरचे तास पाहिले. वय तिशीच्या आत, पण काम करण्याची पद्धत अशी, की उगाच एक शब्द नाही. मग त्या वळल्या आणि चक्क हसल्या.

"काका, आमच्या ऑफिसात आठ जणांनी दोन वर्षं डोकं खाजवून जे काढलं ना, त्यातलं अर्धं तुम्ही छिन्नी-हातोडा घेऊन केलंय."

भाऊंचा जीव भांड्यात पडला. मॅडमनी उंबऱ्यावर बसून लॅपटॉप उघडला आणि आपलं खरं काम सांगितलं. टॉवरचं दुखणं असं, की शंभर माणसं बोलत असोत नाहीतर एकही नसो, यंत्रं जवळजवळ तेवढीच वीज जाळतात. तेव्हा आता त्यांना झोपायला शिकवायचं. वर्दळ ओसरली, की वरची यंत्रं आपोआप डुलकी काढणार, फोन वाढले, की उठणार. चारशे टॉवर मिळून जेवढी वीज वाचेल, तेवढ्यात एक लहान गाव चालेल, आणि जनरेटरचा धूर कमी होईल तो वेगळाच.

"मला ठाऊक आहे ते," भाऊ म्हणाले. "भर दुपारी, सगळं सामसूम असताना कपाटाला हात लावला तरी गरमच. एकोणीस वर्षं हात लावून बघतोय. कुणाला सांगणार?"

"आता चारशे जणांना सांगायचं," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक टॉवरवर तुमच्यासारखा एक माणूस आहे. त्यांना शिकवायला प्रशिक्षक हवाय आम्हाला. कायमची नोकरी, कंत्राट नाही. मी तुमचं नाव सुचवणार आहे."

भाऊंनी बाजूला जाऊन बायकोला फोन लावला. तिने सगळं ऐकून आधी विचारलं, "लेखी देतायत का?"

"देतील."

"नुसतं बोलणं नाही ना?"

"नाही गं. बाई फालतू बोलणाऱ्यातली नाही."

पलीकडून ती म्हणाली, "म्हणजे आता तो कागद येईपर्यंत महिनाभर माझ्यावर जी चिडचिड करता, ती बंद होणार म्हणायची." तिचा आवाज भरून आला होता आणि ते कळू नये म्हणून ती खोकली. "ठेवतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ते परत आले तेव्हा मॅडमनी पडद्यावर टॉवरच्या तीन बाजू काढल्या होत्या. एक वस्तीकडची, एक कारखान्याकडची, एक खाणीकडची. प्रत्येक बाजूसमोर तासांचे आकडे.

"वस्तीकडची रात्रीची डुलकी घेईल. कारखान्याकडची पाळी चालू असताना, तेव्हा सगळ्यांचे फोन कुलपात असतात. आणि खाणीकडची बाजू अकरा ते पाच पूर्ण बंद. तिथे त्या वेळात सरासरी एक पूर्णांक चार फोन असतात."

"एक पूर्णांक चार म्हणजे माणसं किती?"

"अं?"

"नाही, एक तर वॉचमन. आणि उरलेला चार दशांश माणूस कोण, ते बघत होतो."

मॅडम हसल्या. "कधीतरी एखादा ट्रक येत असेल. त्यासाठी दिवसभर तीन यंत्रं तापत ठेवायची का? तुम्हीच सांगा." आणि मग हसतच त्यांनी बोट पडद्यावर खाली नेलं. "गंमत म्हणजे हेही तुम्ही आधीच केलेलं दिसतंय. सात वर्षांपूर्वी आठ महिने रोज दुपारी एक ते चार ही बाजू बंद. कारण दिलंय, साफसफाई. रोज तीन तास कसली साफसफाई, काका? आणि मग एक दिवस अचानक थांबलात. पुन्हा कधीच नाही. का?"

भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या जुन्या नोंदी अजून कुठे तरी जिवंत असतील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"कंटाळा आला," ते म्हणाले.

"तुम्हाला? कंटाळा?" मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, पण विषय ताणला नाही. "बरं. खाणीत खाली उतरून एकदा मोजायला हवं. ही बाजू झोपली तर दुसऱ्या टॉवरची रेंज तिथे पोचते का, ते बघू. चला."

पोचत नाही, हे भाऊंना मोजल्याशिवाय माहीत होतं.

टेकडीवरून खाणीत उतरायला वीस मिनिटं लागतात. मॅडम पुढे, हातातल्या यंत्राकडे बघत, भाऊ मागे. आणि सात वर्षं जे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही, ते सगळं त्या उतारावर त्यांच्यासोबत चालायला लागलं.

तेव्हा खाण जोरात होती. बारा वाजता मजूर जायचे आणि पाच वाजता ट्रक यायचे. मधल्या वेळात खाली चिटपाखरू नसायचं, एक वॉचमन सोडला तर. रिकाम्या खड्ड्याकडे तोंड करून तापणारी ती यंत्रं भाऊंना सहन झाली नाहीत. त्यांनी कंट्रोल रूमला फोन करून 'साफसफाई चालू आहे' म्हणून कळवायला सुरुवात केली आणि रोज एक वाजता त्या बाजूचा खटका पाडायला. चार वाजता पुन्हा चालू. आठ महिने कुणाची तक्रार नाही, आणि भाऊ मनातल्या मनात स्वतःवर खूश.

मग त्या दिवशी पाच वाजता ट्रक खाणीच्या फाटकाशी हॉर्न मारत राहिला आणि फाटक उघडेना. टेकडीवरून भाऊंनी ते पाहिलं आणि ते धावत खाली गेले. वॉचमन दगडाखाली होता. वरून सुटलेला धोंडा त्याच्या उजव्या पायावर बसला होता. हातात फोन होता. "एकपासून लावतोय," तो भाऊंना म्हणाला. "मुकादमाला, सगळ्यांना. लागतच नाही. मग हा फोनच मेला."

फोन का मेला, हे त्या जागी फक्त भाऊंना माहीत होतं. रेंज नसली, की फोन स्वस्थ बसत नाही. टॉवर कुठे आहे, टॉवर कुठे आहे, करत जोर लावून शोधत राहतो आणि स्वतःची बॅटरी संपवतो. चार वाजता भाऊंनी खटका वर केला, तेव्हा त्या फोनमध्ये काही उरलंच नव्हतं. वर जी वीज त्यांनी वाचवली, ती खाली त्याच्या हातातून गेली होती. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वेळेवर आणला असता तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा भाऊ दाराबाहेर उभे होते.

सांगायचं, सांगायचं म्हणत महिना गेला. महिन्याचं वर्ष झालं. आणि वर्षाने सांगण्यात काय अर्थ, असं म्हणत सात वर्षं ते मूग गिळून बसले.

"या, या, रेंजभाऊ!" वॉचमन फाटकापाशीच होता. खाण आता जवळजवळ बंद होती, पण तिथल्या यंत्रांच्या राखणीला खाणमालकाने त्याला ठेवलं होतं. लाकडी बाकावर बसून तो कृत्रिम पायाचा पट्टा आवळत होता. भाऊंना बघून उठायला लागला.

"बस रे, बस."

"या कोण?"

"मोठ्या ऑफिसातल्या इंजिनीअर मॅडम."

"मग मॅडम, यांना काही बक्षीस वगैरे देताय की नाही?" वॉचमन म्हणाला. "यांच्यामुळे आहे मी. खोटं नाही सांगत. दगडाखाली चार तास पडलो होतो, एक माणूस फिरकला नाही. हे टेकडीवरून धावत आले. पहार घालून दगड उचकटला, ट्रकमध्ये मला मांडीवर घेऊन बसले. रक्ताचं नातं असलेली माणसं करत नाहीत एवढं."

"कधीची गोष्ट?" मॅडमनी सहज विचारलं. त्यांचं लक्ष हातातल्या यंत्रावर होतं.

"झाली की सात वर्षं."

मॅडमचं बोट यंत्रावर थांबलं. त्या नुसत्या वर बघून पुन्हा खाली बघायला लागल्या. अजून त्यांना खात्री नव्हती, हे भाऊंना दिसत होतं. दोन शब्द इकडचे तिकडचे बोलले असते तर निभावलं असतं. बायकोचा तो खोकला त्यांच्या कानात होता.

"मीच बंद केलं होतं," भाऊ म्हणाले.

"काय?" वॉचमन.

"त्या दिवशी. तुझा फोन लागत नव्हता ना, एक ते चार. टॉवरची ही बाजू मी बंद केली होती. वीज वाचवायला. रोजच करायचो. वरून हुकूम नव्हता, कुणी सांगितलं नव्हतं. खाली कुणी नसतं, असं धरून चाललो मी. तू होतास, ते माहीत होतं तरी धरून चाललो. तुला काय लागणार दुपारचं, म्हटलं. सांगायला हवं होतं तेव्हाच. धीर झाला नाही."

वॉचमन पट्टा हातात धरून तसाच बसून राहिला. खाणीत वारा नव्हता. मॅडम थोड्या लांब जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"म्हणजे फोन चांगला होता माझा?" वॉचमनने विचारलं.

"चांगला होता. रेंज शोधून शोधून मेला तो."

"चांगला होता..." वॉचमन स्वतःशीच म्हणाला. मग एकदम त्याचा आवाज चढला. "तुम्हाला माहितीय का, रेंजभाऊ, मी सात वर्षं काय ऐकतोय ते? त्याच्या आदल्या महिन्यात ताईनं मला नवा फोन घेऊन दिला होता. चार घरची कामं करून. मी तो खोक्यातच ठेवला. म्हटलं, जुना चालतोय तोवर चालवू, नवा कशाला खराब करा. आणि मग हे झालं. ताई अजून रडते. 'तो फोन वापरला असतास तर तुझा पाय गेला नसता रे,' म्हणते. बसते आणि रडते. मी काय बोलणार? मान खाली घालतो. माझ्याच चिकटपणाची फळं, म्हणून गप्प बसतो."

भाऊंनी हे कधी ऐकलं नव्हतं. पाय गेला, एवढंच आपल्या खात्यावर आहे, असं ते समजून चालले होते. एका बाईचं सात वर्षांचं रडणं आणि एका माणसाची सात वर्षं खाली घातलेली मानही त्यातच होती, हे त्यांना आज कळत होतं. ते मटकन बाकाच्या दुसऱ्या टोकावर बसले.

"नवा असता तरी लागला नसता," ते म्हणाले. "कुठलाच लागला नसता."

वॉचमनचा चेहरा दगडासारखा झाला होता. तो रागावलाय, की रडतोय, की नुसता थकलाय, ते भाऊंना कळेना, आणि विचारायचा अधिकार आपल्याला नाही, एवढं कळत होतं.

मॅडम परत आल्या. लॅपटॉप त्यांनी हातावरच उघडला होता. "खाणीकडची बाजू मी यादीतून काढतेय," त्या हलक्या आवाजात भाऊंना म्हणाल्या. "पूर्ण बंद नाही करायची. कुठलीच. वरची यंत्रं झोपू देत, पण प्रत्येक बाजूचं एक लहान यंत्र जागं राहील. एक फोन असला तरी, आणि एकही नसला तरी. थोडी वीज जाईल, जाऊ दे. चारशे टॉवरांना अशा किती बाजू असतील, कुणी उतरून बघितलंय?" मग त्या थांबल्या. "इथे कारण लिहावं लागतं. 'तांत्रिक' एवढं लिहिलं तरी चालतं, काका."

"नको," भाऊ म्हणाले. "तांत्रिक लिहिलंत, तर पुढच्या वर्षी दुसरा कुणी हुशार येऊन पुन्हा बंद करेल. माझ्यासारखा. काय झालं ते लिहा. कुणी केलं तेही."

"मग ते प्रशिक्षकाचं..."

"कळतंय मला."

"कंत्राटसुद्धा कदाचित."

"लिहा तुम्ही."

मॅडमनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि त्या उभ्या उभ्याच लिहायला लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या. घरी गेल्यावर बायकोला काय सांगायचं, याचा भाऊंनी विचार करून पाहिला, पण पहिलं वाक्यच जुळेना.

वॉचमनने पायाचा पट्टा नीट आवळला. खिशातून फोन काढला आणि एक नंबर लावला. भाऊंकडे न बघता त्याने तो फोन त्यांच्यापुढे धरला.

"ताईला लावलाय," तो म्हणाला. "मी सांगितलं तर तिला वाटेल, मी आपली कातडी वाचवतोय. तुम्ही सांगा."

भाऊंनी फोन घेतला. रेंज पूर्ण होती. पलीकडे घंटी वाजत होती, आणि चार घंट्यांनंतर एका बाईचा दमलेला, मायेचा आवाज आला, "बोल रे. जेवलास का?"

रेंजभाऊ बाकावरून उठून उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले, "तो नाही. मी बोलतोय."